व्याख्येबाहेरचा बांध

महादेवपुऱ्यात बदली होऊन आल्यापासून सायंकाळी तळ्याच्या काठाने एक फेरी मारण्याची सवय आम्हांस लागली आहे. कचेरी सुटल्यावर लगेच घर गाठावे म्हटले तर रस्त्यावरील वाहनांची दाटी ते होऊ देत नाही. तळ्याकाठी निदान चालता तरी येते. या मुलखात तळ्याला 'केरे' म्हणतात, त्याच्या मातीच्या बांधाला 'एरी', पाणी सोडण्याच्या मोरीला 'तूबु' आणि जादा पाणी जेथून वाहून जाते त्या सांडव्याला 'कोडी'. पाणी वाटून देणारा गावकामगार पूर्वी असे, तो 'नीरगंटी'. हे शब्द आम्हांस शेजारच्या टेबलावरील कानडी स्नेह्याने शिकविले. बंगळुरास मोठी नदी नाही. जे पाणी होते ते शतकानुशतके असल्या मातीच्या बांधांनीच अडवून धरले. एका तळ्याची कोडी खालच्या तळ्यात उतरावी, त्याची आणखी खालच्यात, असा हा सगळा मांड आहे. बेळ्ळंदूरचे पाणी वर्तूरला जाते आणि वर्तूरचे दक्षिण पिनाकिनीला.

2025 च्या मे महिन्यात अशाच एका फेरीत असताना गावाहून थोरल्या बंधूंचा फोन आला. आमचे गाव साताऱ्याच्या खटाव तालुक्यात, म्हणजे पर्जन्यछायेत. मे महिन्यात तेथे ओढ्याला पाणी येते हे आमच्या वडिलांनी सांगितले असते तर आम्ही त्यांचे वय झाले असे समजलो असतो. पण त्या वर्षी साताऱ्यापासून सोलापूरपर्यंतच्या त्या कोरड्या पट्ट्यात ओढे मे महिन्यातच दुथडी वाहिले. दादा म्हणाले, "तळं पार वरपर्यंत आलंय. वस्तीवरची मंडळी घाबरल्यात. सरकारनं धरणांचा कायदा केलाय म्हणं, त्यात आपला बांध कुठल्या वर्गात बसतोय ते बघून एक कागद दे. तू सरकारात हाईस."

हा बांध आमच्या आजोबांनी घातला. 1972 चा दुष्काळ ओसरल्यावर, पुन्हा तसे दिवस पाहावयाचे नाहीत अशा निश्चयाने, स्वतःच्या रानातील ओढ्यावर त्यांनी तो घालविला. मधोमध काळ्या मातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरूम, पाण्याकडील बाजूस दगडाचे अस्तर आणि एका टोकास खडकात खोदलेला सांडवा. उंची सुमारे सात मीटर. तळे पूर्ण भरले म्हणजे आमच्या हिशेबाने चाळीस हजार घनमीटर पाणी राहते. हा आकडा वाचकांच्या डोळ्यांपुढे उभा राहणार नाही, म्हणून महादेवपुऱ्याच्या मापाने सांगतो. येथे उन्हाळ्यात इमारतींना पाणी टँकरने येते; 2024 च्या उन्हाळ्यात तर टँकरचे दर सरकारला बांधून द्यावे लागले. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला तर आमच्या त्या 'लहान' तळ्यात चार हजार टँकर उभे आहेत, आणि ते सर्व एकाच दारापाशी.

बांधाचे काम केले माती वडारांनी. यांनाच इकडे वड्डर अथवा भोवी म्हणतात. या मुलखातील कित्येक तळ्यांची मातीही त्यांच्याच डोक्यावरून गेलेली आहे. काम संपल्यावर त्यांतील चार-पाच कुटुंबे मागे राहिली. आजोबांनी त्यांना बांधाच्या खाली, ओढ्याच्या कडेला, घरे बांधण्यास जागा दिली. त्या काळी गावात हे औदार्यच समजले गेले. आज तेथे वीस-बावीस घरे आहेत.

आम्ही धरण खात्यात नाही. आमच्या टेबलाचा पाण्याशी संबंध चहापुरता. तथापि अधिनियम उघडून व्याख्येचे कलम काढणे हा आमचा रोजचा व्यवसाय. धरण सुरक्षा अधिनियम, 2021 आम्ही उघडला. पंधरा मीटरहून उंच असलेले धरण त्यात येते. दहा ते पंधरा मीटर उंचीचे असेल तर लांबी निदान पाचशे मीटर, किंवा साठा निदान दहा लक्ष घनमीटर, किंवा महापुराचा विसर्ग सेकंदास निदान दोन हजार घनमीटर, किंवा पायाची विशेष अडचण, किंवा रचना नेहमीहून वेगळी, यांपैकी एक तरी अट पुरी व्हावी लागते. मालक सरकार असो की खाजगी इसम, त्याने फरक पडत नाही. आमचा बांध सात मीटरचा. दहा मिनिटांत काम झाले. एका कोऱ्या कागदावर आम्ही सुवाच्य अक्षरात लिहिले: "सदर बांधाची उंची दहा मीटरपेक्षा कमी असल्याने उक्त अधिनियमातील विनिर्दिष्ट धरणाच्या व्याख्येत तो बसत नाही, सबब अधिनियमाच्या तरतुदी त्यास लागू नाहीत." खाली सही केली, कागदाचे छायाचित्र काढून दादांना पाठविले, आणि एक प्रकरण निकाली काढल्याचे जे समाधान आपणां सर्वांच्या ओळखीचे आहे, ते अनुभवून झोपी गेलो.

आठवड्याने पुन्हा फोन. "कागद वस्तीवर वाचून दाखवला. समद्यांचा जीव भांड्यात पडला." आम्ही विचारले, काय वाचून दाखविलेत? "तू लिहिलंस तेच. आपला बांध सरकारच्या धोक्याच्या यादीत न्हाई म्हणून." आणि पुढे सहज बोलता बोलता त्यांनी सांगितले की, त्या आधीच्या चार रात्री वस्तीवरील बायका मुलांना घेऊन गावातल्या शाळेच्या पडवीत झोपावयास जात होत्या. कागद आल्यावर त्या पुन्हा आपापल्या घरी झोपू लागल्या.

पाऊस पुढे उघडला आणि काही अनर्थ झाला नाही. तरी ती गोष्ट आमच्या मनातून गेलेली नाही.

कोणी म्हणेल, तुमचे वाक्य अक्षरशः खरे होते. ऐकणाऱ्याने त्याचा भलता अर्थ केला, त्यास तुमचा काय इलाज? हा युक्तिवाद प्रथम आमच्याच मनाने आम्हांस पुरविला, आणि काही दिवस तो पुरलाही. पण आपण, वाचकहो, बहुतेक सगळे सरकारी चाकरीत आयुष्य काढणारे. 'लागू नाही' या दोन शब्दांचा खिडकीच्या पलीकडे काय अर्थ होतो हे आपल्याला ठाऊक नाही असे म्हणण्याची सोय आपल्याला आहे काय? आम्ही लिहिले की कायद्याने या बांधाकडे पाहिलेले नाही. त्यांनी वाचले की कायद्याने पाहिले आणि काही वावगे आढळले नाही. या दोहोंतील अंतर आम्हांस लिहिताना दिसत होते. ते त्या कागदावर मात्र आम्ही लिहिले नाही, कारण तशी रीत नाही. शिवाय ज्याला आपण 'मालक' म्हणतो तो या प्रकरणी कोण? सातबाऱ्यावर दादांच्या नावाखाली आमचेही नाव आहे. तळ्याच्या पाण्यावर डाळिंबाची बाग आहे आणि तिच्या उत्पन्नातील आमचा हिस्सा दर वर्षी न मागता येतो. म्हणजे बांधही आमचा, व्याख्येचा अर्थ लावणारेही आम्हीच, आणि सूट दिली तीही स्वतःलाच. दुसऱ्या कोणी असे केले असते तर त्याच्या फाईलवर आम्ही कोणता शेरा मारला असता, ते येथे लिहीत नाही.

पुढे अधिनियम पुन्हा, या वेळी सावकाश वाचला, तेव्हा एक गोष्ट ध्यानी आली. आत शिरण्याचे दार उंचीच्या मापाचे आहे. पण जे धरण आत आले त्याच्या बाबतीत मात्र कायदा निराळा प्रश्न विचारतो: हे धरण फुटले तर खाली काय होईल? त्यावरून धोक्याचे वर्गीकरण राज्याच्या यंत्रणेने करावयाचे आहे. म्हणजे कोण खाली राहते हा प्रश्न फक्त उंचांना विचारला जातो. ठेंगण्यांना तो कोणी विचारीतच नाही. आम्ही कायद्यास दोष देत नाही. देशात मोठी धरणेच हजारोंनी आहेत, आणि त्यांतील सर्वांत अधिक आपल्या महाराष्ट्रात. रेघ कोठे तरी ओढावी लागते. मात्र ती रेघ तपासणाऱ्यांच्या ताकदीची आहे. पाण्याच्या ताकदीची नव्हे.

अमेरिकेत धरणांचे धोक्यावरून तीन वर्ग करतात: अल्प, लक्षणीय आणि उच्च. गंमत अशी की, या वर्गांचा बांधाच्या प्रकृतीशी संबंध नाही. कालच बांधलेला, चिरेबंदी, निर्दोष बांधही उच्च धोक्याच्या वर्गात पडतो, जर तो फुटल्यावर माणसे मरण्याचा संभव असेल. आणि निर्जन माळावरचा सडका बांध अल्प धोक्यात राहतो. म्हणून बांधावर एक ढेकूळही न हलता त्याचा वर्ग बदलू शकतो. खाली कोणी एक घर बांधले की वरचा बांध दुसऱ्या वर्गात गेला. वर्ग हा बांधाचा गुण नसून वरचा आणि खालचा यांच्यामधील नाते आहे, हे आम्हांस त्या परक्या पद्धतीने शिकविले.

आणि हे पाहावयास अमेरिकेपर्यंत जाण्याचे कारण नाही. आम्ही ज्या काठाने रोज फिरतो तेथेच ते दिसते. महादेवपुरा, हूडी, कुंदलहळ्ळी, वर्तूर येथील तळी घातली तेव्हा एरीखाली शेते होती. बांध फुटला तर हंगाम बुडे, गुरे वाहत, क्वचित माणूस जाई. आज त्याच बांधांखाली काचेच्या इमारती आणि तळमजल्यावर निजणारे त्यांचे पहारेकरी आहेत. 2022 च्या सप्टेंबरात तळी भरून कोडीवरून वाहू लागली आणि बाह्य वर्तुळाकार रस्त्याच्या या भागात लोकांना ट्रॅक्टर व नावा यांतून बाहेर काढावे लागले. त्यात बांधांचा दोष किती आणि बुजविलेल्या नाल्यांचा किती याचा हिशेब तज्ज्ञ करोत. तळी आपल्या जागेवरून हललेली नव्हती एवढे खरे.

येथे एक जुना, चांगला युक्तिवाद समोर येतो: आधी कोण आले? बांध आधी असेल आणि माणसे मागाहून त्याखाली येऊन राहिली असतील, तर मालकाने त्यांचा भार का वाहावा? हा प्रश्न बंगळुराच्या पूर्वेस, फार दूर नव्हे अशा कार्वेटीनगरच्या जमीनदारीत एकदा उभा राहिला होता. आज ते गाव आंध्रातील चित्तूर जिल्ह्यात आहे. अतिवृष्टीने जमीनदाराच्या रानातील दोन तळी फुटली आणि मद्रास रेल्वेचे पूल वाहून गेले. रेल्वे कंपनीने नुकसानभरपाईचा दावा लावला. इंग्लंडात नुकताच, 1868 साली, लॉर्डांच्या सभागृहाने रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्यात असा निवाडा दिला होता की, ज्याने आपल्या जमिनीवर पाणी साठविले त्याने ते सुटले तर, आपली चूक असो वा नसो, शेजाऱ्याचे नुकसान भरून द्यावे. तो खटलाही एका खाजगी तलावाचाच. गिरणीसाठी साठविलेले पाणी शेजारच्या खाणीत घुसले होते. कंपनी म्हणाली, तोच न्याय येथे लावा. 1874 साली प्रिव्ही कौन्सिलने तो लावला नाही. या देशात तळी ही प्राचीन व्यवस्था आहे, असंख्य लोकांचे जीवन त्यांवर चालते, ती राखणे व दुरुस्त करणे हे जमीनदाराचे कर्तव्यच आहे, ती बुजविण्याचा त्याला अधिकार नाही. तेव्हा हयगय सिद्ध झाल्याशिवाय तो जबाबदार नाही, असे ठरले.

हा निवाडा आम्हांस प्रथम फार आवडला. यात या भूमीची ओळख आहे, आणि परदेशचे माप जसेच्या तसे येथे न लावण्याचा विवेक आहे. खरे सांगावयाचे तर त्यात आम्हांस स्वतःसाठी एक पळवाटही दिसली होती. पण जमीनदाराच्या जागी स्वतःस उभे करून पाहिले तेव्हा ती वाट मिटली. त्याचे तळे गावाचे होते. आमच्या तळ्यावर फक्त आमची डाळिंबे पिकतात. त्याला ते रिकामे करण्याची मोकळीक नव्हती. आम्हांस सांडव्याचे चार दगड काढण्यास कोणाचीही आज्ञा लागत नाही. त्याच्या तळ्याखाली रेल्वे आपण होऊन आली. आमच्या बांधाखाली ज्यांची घरे आहेत त्यांना आमच्याच आजोबांनी तेथे बसविले, आणि तेही त्यांच्याकडूनच बांध घालून घेतल्यावर. राहिली हयगय. तर आमच्या बांधाच्या माथ्यावर बाभळी मनगटाएवढ्या झाल्या आहेत. त्यांची मुळे कुजली की मातीत नळ्या तयार होतात, हे त्याच वस्तीवरील एका म्हाताऱ्या वडाराने आम्हांस लहानपणी सांगितले होते. मातीच्या बांधातून स्वच्छ पाणी पाझरत असेल तर फारसे बिघडत नाही. पाझर गढूळ झाला की समजावे बांधाची माती आतून निघाली. हेही त्यानेच सांगितलेले. पुढे पुस्तकांत वाचले ते याहून निराळे नव्हते.

बांध कशाने जातो हे कोणापासून लपलेले नाही. सांडवा अपुरा पडून पाणी माथ्यावरून गेले, किंवा आतल्या आत माती वाहून पोकळी झाली. बहुतेक मातीचे बांध या दोन वाटांनीच जातात. पानशेतचे अपुरे धरण 12 जुलै 1961 रोजी गेले, ते पुण्याची जुनी माणसे अजून सांगतात. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवऱ्याचे धरण फुटून वीसहून अधिक माणसे गेली. गळतीची तक्रार आम्ही आधीच केली होती असे लोक म्हणाले, आणि मंत्री म्हणाले की खेकड्यांनी धरण पोखरले. खेकडे बांधात बिळे करतात हे खरेच आहे. पण खेकड्यांस नोटीस बजावता येत नाही, हे त्या उत्तरातील मर्म! ती दोन्ही धरणे सरकारी होती. खाजगीचे उदाहरण हवे तर अमेरिकेतील टोकोआ येथे एका धर्मशिक्षणाच्या महाविद्यालयाच्या मालकीचा मातीचा बांध 6 नोव्हेंबर 1977 च्या पहाटे फुटला आणि बांधाखाली महाविद्यालयाच्याच आवारात निजलेली एकोणचाळीस माणसे गेली. केनियातील सोलाय येथे 9 मे 2018 रोजी एका खाजगी मळ्यातील बांध फुटून चाळीसहून अधिक गेली. त्या बांधाला 'पटेल धरण' म्हणत. टोकोआच्या मालकांनीही खालच्या माणसांस वाईट हेतूने तेथे ठेविले नव्हते. जागा मोकळी होती, सोयीची होती, एवढेच.

शेजारच्या टेबलावरील स्नेह्यास हे सारे सांगितले, तेव्हा त्याने 'केरेगे हार' या कानडी लोकगीताची कथा सांगितली. कल्लनकेरी गावच्या मल्लनगौडाने तळे खोदविले, पण त्यास पाणी लागेना. ज्योतिष्याने घरच्या सुनेचा बळी मागितला. धाकटी सून भागीरथी निवडली गेली. तिचा नवरा दूर लष्करी चाकरीत होता. पूजा आटोपून सगळी परतली, सोन्याचे भांडे विसरले म्हणून तिला एकटीला परत धाडले, आणि पायरी पायरीने पाणी तिच्या अंगावर चढत गेले. तिला काय होणार ते घरात माहीत होते. सांगितले मात्र कोणी नाही. मित्र म्हणाला, इकडे ही कथा त्यागाची म्हणून सांगतात. आम्हांस त्या दिवशी ती न सांगण्याची कथा वाटली. दूर चाकरीत असलेल्या त्या नवऱ्यावर मात्र आमचे मन फार वेळ रेंगाळले. तो तेथे नव्हता, म्हणून तो निर्दोष. आपण सारे असेच तेथे नसतो.

यानंतर आम्ही दोन गोष्टी केल्या. तालुक्याच्या संबंधित कार्यालयास रीतसर अर्ज केला की, कृपया कोणी अभियंता येऊन बांध पाहून जावा. उत्तर आले: सदर बांध खाजगी मालकीचा असल्याने या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. त्या कार्यालयाचे नाव घेत नाही. त्या टेबलावर आम्ही असतो तर हेच लिहिले असते, कदाचित अधिक सुवाच्य अक्षरात. आणि दादांना दुसरा कागद पाठविला. त्यात 'सबब' नव्हते. त्यात लिहिले की, हा बांध आजवर कोणीही तपासलेला नाही. पहिल्या कागदाचा अर्थ बांध मजबूत आहे असा नव्हता. पाझर गढूळ दिसला किंवा पाणी सांडव्याच्या निम्म्यावर चढले तर कोणाची वाट न पाहता शाळेत जावे. आणि पुढच्या पावसाच्या आत सांडव्याचा उंबरा तीन फुटांनी खाली करावा व बाभळी काढाव्यात, खर्च आमच्या हिश्शातून.

बाभळींना दादांची हरकत नाही. उंबऱ्याला आहे. तीन फूट पाणी कमी म्हणजे उन्हाळ्यात बागेच्या निदान दोन पाळ्या गेल्या. "मग बाग तू पाज बंगळूरवरनं टँकर धाडून," असे ते म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही; बाग राखतात ते, आम्ही हिस्सा घेतो. धाकट्याने दुरून शहाणपण शिकवू नये, हे त्यांनी बोलून दाखविले नाही इतकेच. दुसरा कागद त्यांनी वस्तीवर अजून वाचून दाखविलेला नाही. विचारले की म्हणतात, "वाचतो की, घाई काय? कशापायी त्यांना भ्या घालायचं?"

तेव्हा आम्ही पंधरा दिवसांच्या अर्जित रजेचा अर्ज दिला आहे. अर्जाच्या नमुन्यात कारणासाठी एक आखूड रकाना असतो. त्यात 'घरगुती काम' असे लिहिले.